वाघबारशीच्या दिवशी उपनगरात

अश्विन वद्य द्वादशीला मुंबईच्या उपनगरांत दोन सण एकाच सुमारास येतात. बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या सोसायट्यांत वसुबारस असते. जिन्याच्या पायरीशी पांढऱ्या रांगोळीत गाय आणि तिला लुचणारं वासरू, शेजारी गोपद्मं, वर हळदीकुंकवाची चिमूट. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने वसलेल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी पाड्यांवर त्याच दिवसांत वाघबारस असते. तिथे पूजा वाघोबाची. एका घरी गाय पुजली जाते, दुसऱ्या घरी गाय मारून खाणारा, आणि दोन्ही घरांच्या मध्ये बहुतेक ठिकाणी एका कंपाउंडच्या भिंतीचंच अंतर असतं.

उपनगरांतल्या रस्त्यांवरची प्राण्यांची चित्रं बघायला निघायचं तर याच दिवशी, असं मी ठरवलं होतं. ससून डॉकवर, वांद्र्याच्या गल्ल्यांत भित्तिचित्रं बघायला लोक वाट वाकडी करून जातात. माहीम ते दादर तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत पालिकेने २००९ साली नागरिकांना रंगवायला दिली, तेव्हापासून भिंत रंगवणं आणि ती बघायला जाणं दोन्ही शहराच्या अंगवळणी पडलं. उपनगरातल्या भिंती मात्र बसच्या खिडकीतून नुसत्या मागे सरकतात. पण प्राणी बघायचे तर इथल्याच भिंती बघाव्यात. चित्रातला प्राणी भिंतीपलीकडे खरोखर हिंडतो आहे, असं महानगर सहसा सापडायचं नाही. त्यामुळे इथल्या प्रत्येक चित्राला मी एकच प्रश्न विचारत गेले: ज्याने हे काढलं, त्याची या जनावराशी ओळख आहे का?

बोरिवली पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलं की उद्यानाचं प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाटेत संरक्षक भिंतींवर वारली चित्रं दिसतात. गेरूच्या रंगाचा पट्टा, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, ताडाचं झाड, बैलगाडी. हा ऐवज आता मुंबईभर इतका पसरला आहे की शाळा, बँक, हॉटेल, शौचालय, कुठेही तो दिसतो. बघायला छान वाटतो, पण जवळ जाऊन पाहिलं की तीच सहा-सात चित्रं फिरून फिरून येतात. फेर असतो, बैलगाडी असते, क्वचित मोर असतो. साप नसतो, मुंग्यांची रांग नसते, आणि वाघ तर नसतोच.

मूळच्या वारली चित्रात हे सगळे असतात. लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला जातो. शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी टोकाशी ठेचून केलेल्या लेखणीने सवाष्णी तो लिहितात. मधल्या चौकटीत पालघाट देवी, शेजारी छोट्या चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. चौकाबाहेर झाडं, पाखरं, माकडं, शिकार, शेत. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते आणि तिच्या आवाजावर तो चौक जागा होतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले आणि ही चित्रं कागदावर उतरू लागली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नाच्या भिंतीवरून जगभर नेली. त्यांचा जन्म १९३४ चा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांत मासे जाळ्यात सळसळतात, मुंग्या वारुळाकडे धावतात, आणि रान नुसतं पार्श्वभूमीला नसतं. शहरातल्या कंत्राटी भिंतींवर येता येता या चित्रांतून नेमकं रानच गळालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उद्यानात शिरून कान्हेरीपर्यंत गेले. प्रवासाची सुरुवात तिथून करण्याला कारण होतं. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या मधली ही डोंगररांग. इथल्या लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारी होते, कारागीर होते, आणि त्यांची गावं शिलालेखांत नोंदलेली आहेत. म्हणजे वाटसरूंनी येता-जाता पाहावं असंच हे काम होतं. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबांच्या माथ्यावर नजर ठेवून हळूहळू चालावं लागतं. एका ठिकाणी हत्ती सोंडेत घट धरून बोधिवृक्षावर पाणी ओतताहेत. दुसऱ्या शतकातलं हे कोरीवकाम आता झिजलं आहे, पण हत्तीचे गुडघे आणि सोंडेचं वळण अजून ओळखू येतं. ज्याने ते कोरलं त्याने हत्ती उभा कसा राहतो हे नीट पाहिलेलं होतं. बाहेर पायऱ्यांवर खरी माकडं पर्यटकांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली असतात. ती कुणी कोरलेली नाहीत, पण या लेण्यांचे जुने रहिवासी तीच.

या रानात आज हत्ती नाही, मोकळा पट्टेरी वाघही नाही. बिबट्या आहे. उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी इमारतींनी घेरलेलं. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत उद्यान, आरे आणि नागला भाग मिळून ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. मोजणीची रीत चित्रकाराने शिकण्यासारखी आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, म्हणजे जनावराच्या दोन्ही कुशी टिपल्या जातात. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके भरीव नसतात. चार-पाच काळे तुकडे एकमेकांजवळ येऊन मधे पिवळट-तपकिरी जागा सोडतात, आणि त्यांची मांडणी प्रत्येक बिबट्याची वेगळी. त्यावरून हा कोण ते कळतं. ही बारीक गोष्ट पुढे दिवसभर माझ्या कामी आली.

बोरिवलीहून आरेला रिक्षाने गेले. आरे म्हणजे मुंबईकरांच्या डोक्यात दुधाची बाटली. वसाहतीची स्थापना १९४९ ची. शहरातले म्हशींचे गोठे इथे हलवले, गवताची कुरणं केली. त्याआधीपासून इथे आदिवासी राहत होते आणि आजही २७ पाडे आहेत. रस्त्यावरून आत वळलं की गोठ्यांचा वास येतो, मग झाडी दाट होते आणि अचानक एखादं रंगवलेलं घर समोर येतं. त्यातल्या एका पाड्यावर एक मावशी ओट्यावर बसून भिंत नव्याने लिहीत होत्या. हातात बाजारातला ब्रश आणि डब्यात पांढरा ॲक्रिलिक रंग. काडी आणि पिठाचा आग्रह त्यांना नव्हता. पाऊस सरला की दरवर्षी लिहायचं तर टिकणारा रंग बरा, असं त्या म्हणाल्या.

भिंतीच्या डाव्या कडेला त्यांनी वाघ काढला होता. लांबट अंग, शेपूट वर वळलेली, चारही पाय चालीत. अंगावर पट्टे नव्हते, ठिपके होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. “पट्टेवाला कधी बघितलाच नाही, तो कसा काढू? इथं हाच फिरतो.” पाड्यावर बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि वाघोबा दोघांचाही देव. मग मला आणखी एक दिसलं. चित्रातल्या बिबट्याचं तोंड घराच्या दाराकडे नव्हतं. तो भिंतीवरून दाराला पाठ करून चालला होता. हे मुद्दाम का, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “तो त्याच्या वाटेनं जातोय. मी त्याला घरात कशाला बोलवू?” सगळे वारली असंच काढतात असं मुळीच नाही, ही त्यांची स्वतःची रीत. पण महिनोन्‌महिने अंधारात ज्याच्या पावलांची चाहूल घेतली, त्याचं चित्र काढताना हात असाच विचार करणार.

वाघोबाचं ठाणं पाड्यापासून थोडं बाजूला, झाडाखाली. शेंदूर लावलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. अशा ठाण्यांवर पुष्कळदा नागही असतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वारल्यांची अशी दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेली गोष्ट पाड्यावर बसल्यावर अगदी सरळ वाटते. आपण वाघोबाचं करायचं ते केलं, वर्षाचा मान दिला, कोंबडा दिला, तर तो माणसांना आणि गुरांना सांभाळतो. चुकलं तर त्याचा कोप होतो. म्हणजे हा करार आहे, दोन्ही बाजूंनी पाळायचा. आणि हा करार भाबडा नाही. २०२२ साली दिवाळीच्याच दिवसांत आरेत दीड वर्षाचीही नसलेली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ज्या पाड्यांवर वाघोबा पुजला जातो, तिथल्या आयांना बिबट्याची भीती शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. पूजा त्या भीतीसकट आहे. संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नका, कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, हे वनखात्याने २०११ पासून अभ्यासक आणि स्वयंसेवकांना सोबत घेऊन लोकांना सांगायला सुरुवात केली. ती शिकवण आणि वाघोबाची शिकवण फार लांबच्या नाहीत.

याच आरेत ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडायला सुरुवात झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडं गेली. त्याविरुद्धच्या आंदोलनात फलकांवर वारली माणसं आली, झाडं आली, बिबट्या आला. तोवर सोसायटीच्या भिंतीची शोभा झालेली ही चित्रभाषा त्या दिवसांत पुन्हा तिच्या माणसांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी सरकारने आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली. मेट्रो तिची वाट चालू लागली. पाड्यांवरचे वाघोबा आपल्या झाडांखाली आहेत.

आरेतून पश्चिम द्रुतगती महामार्गावर आलं की अंधेरीच्या दिशेने एकावर एक पूल. खाली रस्ता, वर मेट्रो. खांब आले की रंग आले. २०२२ च्या डिसेंबरात जी-२० ची बैठक मुंबईत झाली, त्याच सुमाराला पालिकेचा सौंदर्यीकरणाचा प्रकल्प सुरू झाला आणि भिंती, खांब, पुलांची पोटं, सगळं रंगलं. फुलपाखरं, पोपट, धनेश, हरणं, हत्तींचे कळप. काम सुबक आहे. कंटाळवाण्या कोंडीत डोळ्यांना विसावा मिळतो, हे कबूल करायलाच हवं.

पण एका खांबासमोर मी थबकले. कातडी पिवळी, अंगावर ठिपके, चेहरा उग्र. चालकांना तो बिबट्या वाटत असणार. जवळ गेले तर ठिपके भरीव होते, एकेकटे, गोल. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दोन काळ्या रेघा तोंडापर्यंत ओघळलेल्या. तो चित्ता होता. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तो नामिबियाहून कुनोच्या जंगलात आणावा लागला. ज्या रस्त्याच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर ४७ बिबटे मोजले गेले, त्या रस्त्यावर आपण आफ्रिकेतलं जनावर रंगवलं. रंगाऱ्याचा यात दोष नाही. त्याला छापील नमुना दिला जातो, खांबामागे दर ठरलेला असतो आणि रात्री वाहतूक कमी असताना उरकायचं असतं. नमुना निवडणाऱ्याने मात्र एकदा तरी आरेत जाऊन यायला हवं होतं. पाड्यांवरच्या चित्रकारांना हे खांब द्यावेत, त्यांना पुरता मोबदला मिळावा आणि खाली त्यांची नावं यावीत, एवढं पालिकेला सहज करता येईल.

जगात याची उदाहरणं आहेत. बेल्जियममधल्या गेंटचा रोआ नावाचा चित्रकार ज्या शहरात जातो, तिथलेच प्राणी काढतो. तेही बहुधा दुर्लक्षित, काळ्या-पांढऱ्या रंगात, इमारतीएवढे मोठे. लंडनमध्ये बँक्सीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये नऊ दिवस रोज एक प्राणीचित्र काढलं. डोंगरकड्यावरची बकरी, खिडक्यांतून सोंडा भिडवणारे हत्ती, आणि शेवटी प्राणिसंग्रहालयाच्या शटरवर गोरिला, शटर उचलून इतरांना बाहेर सोडणारा. लोक सकाळी उठून आज कोणता प्राणी ते शोधत होते. त्या चित्रांतलं नेमकेपण मला आवडतं. कुठे काढलं, यातच अर्ध्याहून अधिक अर्थ आहे.

अंधेरीत आणखी एक वाघ भेटतो आणि तो खरं तर मुंबईच्या रस्त्यावरचा सगळ्यात जुना ओळखीचा. शाखेच्या पाटीवरचा, चौकातल्या फलकावरचा डरकाळी फोडणारा वाघ. शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ ची आणि हा वाघ व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातून आलेला. त्यामुळे त्याची रेषा पहिल्यापासून सुटी, जोरकस, कुणाही पेंटरला उतरवता येईल अशी. पक्ष दुभंगला, चिन्हं बदलली, तरी वाघ दोन्हीकडच्या भिंतींवर राहिला. सकाळच्या मावशींच्या बिबट्याशेजारी त्याला मनात ठेवून पाहिलं तर एक फरक लख्ख दिसतो. शाखेच्या वाघाला बहुधा फक्त चेहरा असतो. जबडा, सुळे, डोळे, आणि तो थेट बघणाऱ्याकडे बघतो. त्याला पाय नाहीत, शेपूट नाही, जायला वाट नाही. कारण तो जनावराचं चित्र नाहीच, तो आवाजाचं चित्र आहे. गिरणगावातून आणि कोकणातून येऊन इथे खोली घेतलेल्या माणसाला तो आवाज आपला वाटला. मावशींच्या वाघाला अख्खं अंग लागतं, कारण तो कुठून आला आणि कुठे चालला हे त्यांना माहीत असणं गरजेचं आहे.

अंधेरीहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेकडे गेले आणि तिथून मुलुंडला. उद्यानाचा डोंगर आता पश्चिमेला येतो. बोरिवलीला ज्याची सावली सकाळी पडते, त्याचीच मुलुंडला संध्याकाळी. मुलुंडच्या डोंगराकडच्या वसाहतींतही बिबट्या येतो. कुणाच्या कॅमेऱ्यात, कुणाच्या जिन्यात. इथल्या कंपाउंडांवर मात्र वेगळेच प्राणी भेटतात. भिंतीवर कुणी घाण करू नये म्हणून ओळीने बसवलेल्या देवांच्या फरशा. गणपतीपाशी उंदीर, देवीपाशी वाघ किंवा सिंह, शंकरापाशी नंदी आणि नाग. आणि हटकून दत्त. दत्तामागे गाय, पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगितलं जातं. मी पाहिली त्या फरशीखाली एक खरी कुत्री पिलांना घेऊन पसरली होती आणि कुणीतरी तिच्यापुढे दुधाची वाटी ठेवली होती. या भागातल्या बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. दत्ताचे कुत्रे आणि वाघोबाचं भक्ष्य एकाच गल्लीत राहतात.

मुलुंड चेकनाक्याला जकात होती तेव्हा इथे ट्रकच्या रांगा लागत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, रांगाही गेल्या. तरी लाल बहादूर शास्त्री मार्गावर ट्रक उभे असतातच, आणि त्यांच्या पाठी ही चालती चित्रशाळा आहे. सापाला पंजात धरलेला गरुड, मोरांची जोडी, सिंह, आणि वासराला पाजणारी गाय. सकाळी बोरिवलीला पायरीवर पाहिलेली तीच गाय-वासराची जोडी. या जोडीचा इतिहास भिंतींशी जवळचा आहे. १९७१ ते १९७७ या काळात इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं निवडणूक चिन्ह गाय-वासरू होतं, त्याआधी काँग्रेसची बैलजोडी. चुन्याने भिंत पांढरी करून गेरूने किंवा निळीने ही जनावरं रंगवणाऱ्या पेंटरांची एक पिढीच होती. पुढे निवडणूक आयोगाने नव्या पक्षांना प्राण्यांची चिन्हं देणं थांबवलं, कारण प्रचारात खऱ्या जनावरांचे हाल होत. जुन्यांपैकी हत्ती आणि सिंह उरले. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह अजून आहे.

मुलुंडहून लोकलने घाटकोपरला. पूर्वेला उतरल्यावर दिवाळीची गर्दी अंगावर येते. गुजराती आणि कच्छी जैन कुटुंबांचा हा जुना भाग. दिवाळीच्या अमावास्येला महावीरांचं निर्वाण, त्यामुळे देरासरांची, म्हणजे जैन मंदिरांची, सजावट सुरू होती. एका देरासराच्या दारातल्या मोठ्या रांगोळीत एक सिंह होता. जैन परंपरेत प्रत्येक तीर्थंकराला त्याचं लांछन, म्हणजे ओळखीची खूण, असतं आणि मूर्ती सारख्याच दिसत असल्याने लांछनावरून तीर्थंकर ओळखायचा. ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, शांतिनाथांचं हरीण, पार्श्वनाथांचा नाग, महावीरांचा सिंह. हा सिंह गर्जत नाही. तो बसलेला असतो, आणि बघणाऱ्याला फक्त नाव सांगतो. सकाळपासून पाहिलेल्या सगळ्या वाघ-सिंहांत अहिंसेच्या दारातला हा एकच.

पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे आणि तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, साधारण हिवाळ्याच्या तोंडापासून मे अखेरपर्यंत, हजारोंच्या संख्येने. खाडीतल्या अभयारण्याची घोषणा २०१५ ची, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून गुलाबी पक्षी हे खाडीच्या दोन्ही काठांचं बोधचिन्ह झालं आहे. नवी मुंबईत तर चौकाचौकांत रोहितांच्या मूर्ती आणि चित्रं आहेत. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरणीला लागलेल्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि वस्तीत ३९ पक्षी मरून पडले. ज्यांनी ते गोळा केले त्यांनी हा पक्षी एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिला असेल. खाडीकाठच्या पाणथळ जागा भरत गेल्या, दिवे वाढले, तर पक्ष्यांनी बसायचं कुठे हा प्रश्न चित्रांनी सुटणारा नाही. तरी घाटकोपरमध्ये कुणी भिंत रंगवणार असेल तर मला तिथे रोहितच हवेत. उडताना मान आणि पाय दोन्ही ताणलेले, पंखाखाली काळी कड असलेले. बदकासारखे गुबगुबीत गुलाबी नकोत.

घाटकोपर पूर्वेतल्या आंबेडकरी वस्त्यांत रंग निळा होतो. याच भागातल्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली. इथल्या भिंतींवर हत्ती हा नुसता प्राणी राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतलं चिन्ह हत्ती होतं, पुढे रिपब्लिकन पक्षाकडे तोच आला, नंतर बसपाकडे गेला. आणि बुद्धाच्या कथेत हत्ती त्याच्याही आधीचा आहे. मायादेवीच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो, सहा सुळ्यांचा. असाच सहा सुळ्यांचा हत्ती अजिंठ्याला दहाव्या लेण्यात जातककथेतही रंगवलेला आहे.

एका विहाराच्या बाजूच्या भिंतीवर एक पेंटरदादा हेच स्वप्न रंगवत होते. मायादेवीचं काम झालं होतं. हत्ती खडूच्या रेषेत उभा होता, शिडीवर डबे, खाली विहाराच्या समितीचे काका हातात मोबाइल घेऊन. पेंटरदादा दुकानांच्या पाट्या आणि शटर रंगवतात, शाखेचा वाघही त्यांनी केलेला आहे. वाघाचा चेहरा तासाभरात होतो, म्हणाले, पण हत्तीला वेळ लागतो, कारण इथे येणारा-जाणारा प्रत्येक जण हत्तीतली चूक काढतो. अडचण सुळ्यांची होती. हत्ती बाजूने काढलेला, त्यामुळे दिसत होते तीनच. काका सहावर ठाम होते. “तीन दिसले तर लोक म्हणतील, अर्धंच स्वप्न काढलंय.” पेंटरदादांनी शिडीवरून उतरून लांबून पाहिलं, काकांच्या मोबाइलवरचं अजिंठ्याचं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं, आणि हत्तीचं तोंड थोडं समोर वळवलं तर सगळे सुळे बसतील असं त्यांचं मत पडलं. सोंड मग मायादेवीच्या उशाशी येणार होती, ती काकांना पसंत पडली. डोक्यावर रात्रीच पांढरा मारायचा आणि सकाळी उजाडल्यावर नवं डोकं काढायचं, असं ठरलं.